ट्रान्समिशन लाइनवर लक्ष ठेवताना या चुका टाळा

दूरसंचाराच्या ट्रान्समिशन लाइनचा फायबर, म्हणजे केबलमधला काचेचा धागा, तुटल्यावर ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाडाचे अंतर मोजणारे यंत्र) जे अंतर दाखवतो ते फायबरच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे, ही गोष्ट प्रशिक्षणात प्रत्येकाला सांगितली जाते आणि रात्रीच्या पहिल्याच बिघाडात बहुतेक जण ती विसरतात. कोकणात उतरणाऱ्या एका घाटात ऐन पावसाळ्यात आमची केबल तुटली होती. यंत्राने 23.4 किलोमीटर दाखवले, नव्या अभियंत्याने गाडीच्या मीटरवर तेवढेच अंतर मोजले आणि मजुरांनी भर पावसात पहाटेपर्यंत तीन खड्डे खणले. तिन्ही ठिकाणी केबल शाबूत होती.

सकाळी पोहोचल्यावर मी प्रथम लाइन सुरू करतानाचा जुना ट्रेस, म्हणजे ओटीडीआरने काढलेला आलेख, मागवला. त्या मार्गावर साधारण दर दोन किलोमीटरला जोड होता, प्रत्येक जोडाच्या चेंबरमध्ये (जमिनीखालच्या हौदात) तीसेक मीटर जादा केबलचा लूप, म्हणजे वेटोळे, ठेवलेला होता आणि केबलच्या आत फायबर पिळाने बसवलेला असल्यामुळे तो केबलपेक्षा एक-दीड टक्का लांब भरत होता. हिशेब केल्यावर तुटलेली जागा सुमारे सातशे मीटर अलीकडे निघाली. तिथे मोरीखालचा भराव खचला होता आणि अंधारात तो रस्त्यावरून दिसण्यासारखा नव्हता. त्या मजुरांची ती रात्र आजही मला लागून राहिली आहे, कारण जुना ट्रेस कार्यालयातच होता आणि तो उघडून पाहण्याइतका धीर कोणी धरला नाही.

तेव्हापासून मी सुरुवातीपासूनचे अंतर वापरतच नाही. बिघाडाच्या लगत अलीकडचा जोड जुन्या ट्रेसवर शोधतो, त्याच्यापासूनचे अंतर घेतो, त्यातून लूप वजा करतो आणि शक्य असेल तर दुसऱ्या टोकाकडूनही मोजतो. यंत्रातला अपवर्तनांकही (फायबरमध्ये प्रकाश किती मंदावतो तो आकडा, त्यावरूनच यंत्र अंतर काढते) तपासून घ्यावा. 1.4682 च्या जागी 1.4600 ठेवला, तर 40 किलोमीटरवर सव्वादोनशे मीटरची चूक होते.

दुसरी चूक उपलब्धतेच्या, म्हणजे लाइन किती टक्के वेळ चालू होती त्या, आकड्याची आहे, आणि ती कार्यालयात बसून केली जात असल्याने अधिक काळ लपून राहते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.826 या शिफारशीनुसार ज्या सेकंदात माहितीचे 30 टक्के किंवा अधिक ब्लॉक (गठ्ठे) सदोष असतात तो एसईएस, म्हणजे अतिसदोष सेकंद, ठरतो, आणि असे दहा सेकंद सलग आले तरच लाइन अनुपलब्ध धरली जाते. मग ते दहा सेकंदही अनुपलब्ध काळातच मोजतात. याचा अर्थ असा की नऊ सेकंद खराब आणि एक सेकंद चांगला हा क्रम दिवसभर चालला, तरी उपलब्धता 100 टक्केच दिसेल, मात्र ग्राहकाला त्या लाइनवर काहीही काम करता येणार नाही. म्हणून महिन्याचा अहवाल लिहिताना मी उपलब्धतेच्या शेजारी एसईएसचा आकडा लिहितोच, आणि रोज सकाळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी स्वतः वाचतो. 99.99 टक्के म्हणजे वर्षाला साडेबावन्न मिनिटे, हे माहीत असणाऱ्यांनीही ती मिनिटे एका घटनेत गेली की शेकडो तुकड्यांत, हे पाहिले पाहिजे.

डीडब्ल्यूडीएमवर (एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींचे संदेश नेणाऱ्या यंत्रणेवर) फक्त एफईसीने, म्हणजे उपकरणातल्या आपोआप चुका सुधारणाऱ्या सोयीने, केलेल्या दुरुस्तीनंतरच्या चुका पाहू नयेत. एफईसी बराच काळ सगळे सावरून घेते आणि तिची क्षमता संपली की लाइन एकाएकी कोसळते. दुरुस्तीपूर्वीचा बीईआर (चुकलेल्या बिटांचे प्रमाण) मात्र कित्येक दिवस आधी चढू लागलेला असतो.

केवळ 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर तपासून फायबर चांगला आहे असे सांगू नये, कारण वाकलेला फायबर 1550 वर आणि त्याहून स्पष्टपणे 1625 वर दिसतो. कनेक्टर न पुसता जोडू नये, तो नवा असला तरीही. सर्व उपकरणांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवावीत, नाहीतर आधी एलओएस (संदेशच येत नसल्याचा अलार्म) आला की एआयएस (मागे कुठेतरी बिघाड असल्याची पुढे पाठवलेली सूचना), हे नोंदींवरून ठरवता येत नाही.

त्रास देणारा अलार्म दाबून टाकणे किंवा बिघाड समजण्याआधी चुका मोजणारे काउंटर शून्यावर आणणे, हे उतावीळ नवशिक्यांचे आवडते उपाय आहेत आणि मला ते अजिबात मान्य नाहीत, कारण त्या नोंदींमध्येच बिघाडाची सुरुवात असते. माझ्या पाळीत काउंटर पुसण्यापूर्वी नोंदी जतन केल्या का, हे मी विचारतो, आणि उत्तर नाही असेल तर पुसू देत नाही.

रिंगमध्ये, म्हणजे दोन बाजूंनी जोडलेल्या वर्तुळाकार मार्गात, एक बाजू तुटली की वाहतूक 50 मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूने वळते, पण दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या असतील, तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो. नकाशावर त्या दोन रंगांत काढलेल्या असतात, म्हणून मी मार्गाची खात्री नकाशावर करत नाही, चेंबर उघडून त्यात किती केबल आहेत ते मोजतो.