जिओकॅशिंगची पहिली डबी शोधताना

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी जीपीएसवर शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी ठेवायची. नवखे लोक डबीपाशी नाही, आकड्यांपाशी चुकतात.

तिथला पत्ता अंश आणि मिनिटांत असतो. समजा उत्तर अक्षांश २० अंश ५९.४०० मिनिटे आहे. आपण घाईत २०.५९४ टाकतो आणि नकाशा जळगावच्या मेहरूण तलावाऐवजी चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगराकडे बोट दाखवतो! मिनिटांना ६० ने भागा: ५९.४ भागिले ६० म्हणजे ०.९९. खरा आकडा २०.९९. गूगल मॅप्समध्ये अंश आणि मिनिटे मधे जागा सोडून लिहिली तरी चालतात. पूर्व रेखांशाचंही तसंच.

मग एवढं करा:

१. जिओकॅशिंगच्या अ‍ॅपमध्ये अवघडपणा (डबी शोधणं किती कठीण) आणि वाट (तिथवर पोचणं किती कठीण), दोन्ही पाचपैकी १ ते १.५ असलेली, मोठ्या आकाराची डबी निवडा. 'मायक्रो' नको, ती कॅमेऱ्याच्या फिल्मरोलच्या डबीएवढी किंवा त्याहून लहान असते.
२. दहा मीटर उरले की फोन खिशात. केळीच्या बागेत किंवा दाट झाडीत बाण नुसता नाचतो. लपवणाऱ्याच्या नजरेने बघा: उगाच रचलेले तीन दगड, बुंध्यातली ढोली.
३. पेन घरून न्या. बऱ्याच डब्यांत नसतो.

कपारीत हात घालू नका, आधी काठी फिरवा. आपल्याकडे दगडाखाली विंचू निघतोच, फुरसंही असू शकतं.