जन्मदाखल्याची नक्कल काढताय? या चुका टाळा

एका नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात मी बावीस वर्षं खिडकीमागे बसलो. निवृत्त झालो तरी गल्लीतले लोक त्याच त्या चुका घेऊन माझ्या दारात येतात.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे आपल्या गावात नोंद शोधणं. अहो, जन्म झाला तिथे नोंद होते, तुम्ही राहता तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे थोरल्या लेकराची नोंद बहुतेक वेळा मामाच्या गावी!

एक गृहस्थ सलग तीन दिवस खिडकीशी उभे. शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून. मास्तरांनी बसवलेली तारीख ती, त्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. मी मे-जूनची पानं उलटून थकलो. चौथ्या दिवशी म्हटलं, आईला आणा. म्हातारी टेकली नाही तोच म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला हा. आणि इथं कुठं शोधताय? माझ्या माहेरी झाला." जुन्या पंचांगावरून तारीख बसवली आणि त्यांना मामाच्या तालुक्याला धाडलं. तिथे नोंद अर्ध्या तासात सापडली. पण बाळाच्या नावाची जागा कोरी! नोंद आधी झाली, बारसं नंतर, आणि नाव घालायला पुन्हा कोणी फिरकलंच नाही.

म्हणून मी आधी एक चिठ्ठी लिहायला लावतो: आईचं माहेरचं आणि सासरचं नाव, वडिलांचं कागदावरचं आणि हाक मारायचं नाव, सण किंवा वार, गाव, घरी की दवाखान्यात. कोऱ्या नावाच्या नोंदीत नाव घालता येतं, पण नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर आजच जा.

शाळेची तारीख जुळत नाही म्हणून "नोंदच बदलून द्या" म्हणणारे मला आवडत नाहीत. मूळ नोंद खरी असेल तर बाकीचे कागद दुरुस्त करा.

"नोंद नाही" हे तोंडी ऐकून परत फिरू नका. अनुपलब्धतेचा दाखला लेखी मागा, उशिराच्या नोंदणीला तोच लागतो. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश हवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, नाहीतर जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो.

खेड्यातला जुना जन्म असेल तर ग्रामपंचायतीवरच थांबू नका, तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. फार जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या.

संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर पैसे भरू नका. "दोन तासांत दाखला" देणाऱ्याकडून घेतलेले खोटे कागद मी स्वतः हातात धरलेत, आणि रडणारे आईबापही पाहिलेत.

नवीन आईबापांनो, २१ दिवसांच्या आत नोंदवा. माहिती देणाऱ्याला पहिली प्रत फुकट मिळते.

आणि नक्कल हातात आली की खिडकीपाशीच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. मागची रांग कुरकुरेल, कुरकुरू दे. वेलांटी चुकली म्हणून महिन्याने परत आलात की तुम्हीच त्या रांगेच्या शेपटाला उभे असता.