'शिक्षण लई झालंय की तुमचं': जास्त शिकून ऑफिसातली पहिली नोकरी मागायला निघालेल्यांसाठी

२०१७ च्या उन्हाळ्यात 'शिक्षण लई झालंय की तुमचं' हे वाक्य मी नोकरी नाकारली जाताना तीन ठिकाणी ऐकलं. शब्द थोडे इकडचे तिकडे, अर्थ तोच. शिवाजी विद्यापीठातून एम.कॉम. झालं होतं. त्यानंतर तीन वर्षं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत विक्रीकर निरीक्षक परीक्षेची तयारी केली. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत थोडक्यात गेलं. गारगोटीहून वडील पाठवत होते ते पैसे आता बंद करायला हवेत हे मलाच कळत होतं. म्हणून बिलिंग क्लार्क, ऑफिस असिस्टंट, स्टोअर क्लार्क, जी जाहिरात दिसेल तिथे बायोडाटा द्यायचा असं चाललं होतं. बहुतेक ठिकाणी अट बारावी किंवा साधी पदवी. बारावीच्या मुलीला घेतात तर मला का घेणार नाहीत, असा माझा हिशोब होता आणि तो साफ चुकत होता.

आज मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात आहे. क्लार्कची जागा निघाली की आलेले बायोडाटा आधी माझ्या टेबलावर येतात. एका जागेला चाळीस-पन्नास तरी येतात, आणि त्यात एम.कॉम., एम.ए., बी.ई., एम.बी.ए. भरपूर असतात. त्यातले किती पुढे पाठवायचे हे मी ठरवते. म्हणून टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सगळं सांगते.

मालकाच्या मनात एकच प्रश्न असतो: टिकणार का? बाकीचे सगळे प्रश्न यातूनच फुटतात. लहान कारखान्यात क्लार्कला शिकवायला वेगळा माणूस नसतो. कुठल्या पार्टीच्या ऑर्डरला कुठला पार्ट नंबर, कास्टिंगवरचा, म्हणजे ओतीव भागावरचा, हीट नंबर कुठे लिहायचा, कुठला माल ग्राइंडिंगला कुणाकडे गेलाय, हे सगळं शेजारी बसलेला जुना माणूस आपलं काम थांबवून शिकवतो. दर महिन्याला ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, मधे पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा). असे तीन-चार महिने फिरल्यावर नवा माणूस एकटा काम ओढायला लागतो. नेमका तेव्हाच तो गेला, तर शिकवणाऱ्याचे तीन महिने पाण्यात.

आमच्याकडे हे घडलंय. डिस्पॅचला एक इंजिनिअर मुलगा घेतला होता. हुशार, बोलायला चांगला. सहाव्या आठवड्यात पुण्याहून ऑफर आली आणि तो सोमवारी आलाच नाही. त्याच्या ड्रॉवरमध्ये जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात काम करून घ्यायला, गेलेल्या मालाची चलनं (मालासोबतचे कागद) निघाली, रजिस्टरला चढवलेली नव्हती. जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर कायद्याने तो पाठवला त्याच दिवशी विकल्यासारखा धरतात आणि कर अंगावर येतो. आमचे अकाउंटंट काका, दहावी शिकलेले, बावीस वर्षं तिथेच, चार रात्री थांबून ती चलनं गेट रजिस्टरशी जुळवत बसले होते. त्यानंतर वर्षभर मालकांनी इंजिनिअरचा बायोडाटा हातात घेतला नाही. त्या वर्षात आलेल्या मुलांचा काहीच दोष नव्हता. हा अन्यायच आहे, पण तो कुठून येतो हे माहीत असलं तर त्याला उत्तर देता येतं.

आता बायोडाटा. मी आधी पत्ता बघते. कुठून येणार, सकाळच्या शिफ्टच्या वेळेला बस मिळते का, की दोन गाड्या बदलाव्या लागतात. मग शेवटचं काम काय केलं आणि मधली वर्षं कुठे गेली. शिक्षण चौथ्या नंबरला येतं. एम.कॉम. दिसलं आणि खाली 'उद्दिष्ट' म्हणून 'नामांकित कंपनीत व्यवस्थापकीय पदावर काम करणे' असं छापलेलं असलं, की तो कागद मी बाजूला ठेवते. सगळीकडे तोच बायोडाटा फिरतोय हे त्या एका ओळीतून कळतं. बिलिंगच्या जागेसाठी वर टॅली, एक्सेल, टायपिंग, ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) यातलं जे खरंच येतं ते लिहा. घरच्या दुकानाची वही लिहिली असेल, सोसायटीत किंवा पतसंस्थेत सहा महिने बसला असाल, तर ते आधी लिहा. डिग्री खाली, एका ओळीत. प्रबंधाचा विषय, सेमिनारची प्रमाणपत्रं नकोत. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांत अर्ज पोर्टलवरून जातात. तिथे अपेक्षित पगार, अनुभवाची वर्षं, नोटीस पिरियड या रकान्यांवरच चाळणी लागते, माणूस नंतर बघतो. पगाराचा रकाना 'चर्चेनुसार' म्हणून सोडू नका, आकडा भरा.

कागद निवडला की मी फोन करते. हा फोन म्हणजेच खरी पहिली मुलाखत असते, हे मला स्वतःला कुणी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत तीन गोष्टी विचारते: सध्या काय चाललंय, परीक्षा देताय का, कधीपासून येऊ शकाल. कोल्हापुरात परीक्षेचा प्रश्न येणारच. अभ्यासिका भरलेल्या आहेत, सगळ्यांना माहीत आहे. 'नाही, नाही, सोडलं ते' असं घाईने म्हणू नका. मला खरं उत्तर जास्त उपयोगाचं असतं. एका मुलीने सांगितलं होतं, "मॅडम, अजून एक संधी देणार आहे. पेपर रविवारी असतो, आदल्या दिवसाची एक रजा लागेल. झालं तर महिनाभर आधी सांगून जाईन, नवीन माणसाला शिकवून जाईन." ती आमच्याकडे अजून आहे.

आणि 'कुठलंही काम चालेल' हे वाक्य कृपा करून टाळा. मी ते तिन्ही ठिकाणी म्हटलं होतं. मला वाटायचं यातून नम्रपणा दिसतो. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की हिला हे काम नकोय, हिला फक्त पगार हवाय, आणि दुसरीकडे पाचशे जास्त मिळाले की ही जाणार.

चौथ्या ठिकाणी, म्हणजे आजच्या याच ऑफिसात, माझं जमलं त्याला कारण होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. काकांचा हात व्हॅट आणि एक्साइजवर बसलेला, आणि एकदम सगळं बदललं. ऑगस्टमध्ये मी मुलाखतीला गेले तेव्हा टेबलावर बिलांचा ढीग होता आणि एचएसएन कोडवरून (जीएसटीत मालाचा प्रकार दाखवणारा नंबर) काका आणि मालक या दोघांचं चाललं होतं. करांचा अभ्यास मी तीन वर्षं केलेलाच होता. मी एवढंच म्हटलं, "बीडाच्या कास्टिंगला ७३२५ लागतो. पण मशिनिंग करून पार्ट तयार झाला तर तो कशाचा पार्ट आहे ते बघावं लागेल." मालकांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. पगार साडेनऊ हजार ठरला. डिग्री तीच होती जी तीन ठिकाणी नडली होती. त्या टेबलावरच्या अडचणीला ती जोडली गेली तेव्हाच ती कामाची ठरली. तुम्हीही जाण्याआधी विचारा, शोधा, की त्या ऑफिसात सध्या अडलंय कुठे.

आम्ही हातात काम देऊन बघतो. दहा-बारा चलनं देते, तारखेप्रमाणे लावून रजिस्टरला चढवायला सांगते. त्यात एका चलनावर वजन खोडून लिहिलेलं असतं, मुद्दाम. कमी शिकलेली मुलं बऱ्याचदा थांबून विचारतात, "हे कुठलं धरायचं?" जास्त शिकलेली स्वतःच ठरवून लिहून मोकळी होतात, किंवा मला चलनाचा नमुना कसा असायला हवा ते सांगायला लागतात. विचारणारा माणूस आम्ही घेतो. काका त्या वेळी शेजारीच बसलेले असतात, कारण शिकवायचं त्यांना आहे. उमेदवार त्यांच्याशी कसा बोलतो हे मालक बघतात. सगळी उत्तरं मालकांकडे बघून देणारा आणि काकांच्या प्रश्नाला हसणारा मुलगा कितीही हुशार असला तरी निवडला जात नाही.

मुलींना आणखी एक प्रश्न येतो. मला एका ठिकाणी सरळ विचारलं होतं, "लग्न ठरलंय का? मग कशाला शिकवायचं तुम्हाला?" मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा आजही त्रास होतो. हा प्रश्न चुकीचाच आहे, मी कुणाला विचारत नाही, आमच्याकडे विचारूही देत नाही. तुम्हाला आला तर "निदान दोन वर्षं इथेच काम करायचं ठरवलंय" एवढं बोलून कामाच्या प्रश्नाकडे वळा. पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले तर ती जागा सोडलेली बरी.

डिग्री लपवावी का, असं खूप जण विचारतात. खाली लिहिणं वेगळं, लपवणं वेगळं. लपवली की तीन वर्षांचं भोक पडतं आणि त्याची गोष्ट रचावी लागते. आधी कुठे पीएफ कापला असेल तर रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ वर तसं लिहून द्यावं लागतं. सरकारी आणि बँकेच्या जागांत तर हे अंगाशीच येतं. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत अट होती की उमेदवार बारावी पास असावा, पदवीधर नसावा. एकाने पदवी लपवून अर्ज केला आणि निवडही झाली. पुढे ते उघड झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली: पात्रता ठरवण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याचा, आणि महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही. जाहिरातीत किमान पात्रता लिहिली आहे की त्यापेक्षा जास्त नको असंही लिहिलं आहे, हे अर्ज भरण्याआधी वाचा.

अनुभवाचा रकाना अगदीच कोरा असेल तर राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधर-पदव्युत्तरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन होतं. जास्त शिकलात म्हणून तिथे पैसे कमी होत नाहीत आणि ऑफिसात बसल्याची नोंद मिळते.

पगाराचं मुलाखतीत तुम्हीच आधी बोला. "जागेचा पगार बारा हजार आहे हे मला माहीत आहे, मला तो चालतो, वर्षाने काम बघून वाढवा." एवढं म्हटलं की समोरच्याचा निम्मा संशय जातो. पण मनातून तो आकडा चालत नसेल तर म्हणू नका. घरभाडं आणि बसचा पास धरून आदल्या दिवशी कागदावर हिशोब करून जा.

मुलाखत झाली आणि आठ दिवस काही कळलं नाही तर एक फोन करा. नकार कळवायचा राहून जातो, आमच्याकडूनही राहिलाय. फोन दुपारी तीननंतर करा. सकाळी गाड्या भरायच्या असतात, तेव्हा ऑफिसात कुणी नीट बोलत नाही.