बोलून फोन लावताना नाव चुकतंय?

जांभळी नाक्यावरून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन निघालं की फोन बोलूनच लावावा लागतो. पण 'सुनीलला फोन लाव' म्हटलं की फोन भलत्याच सुनीलला जातो. दोष बहुतेक वेळा आपण नंबर सेव्ह करताना लिहिलेल्या नावाचा असतो. 'Sunil plm new 2' हे मोठ्याने म्हणून बघा!

१. रोज लागणारे सात-आठ नंबरच निवडा.
२. तोंडात येतं तसंच नाव द्या : 'दूधवाला', 'सुनील प्लंबर', 'ताई ऐरोली'. आकडे, तुटक अक्षरं, इमोजी काढून टाका.
३. एकाच नावाचे दोघे असतील तर मागे काम किंवा गाव जोडा.
४. 'ला', 'ना' टाळा. 'दूधवाल्याला' म्हटलं की मूळ नावच बदलतं. त्यापेक्षा 'कॉल दूधवाला' म्हणा.

स्टेशनात शिरायच्या आधीच बोला. फलाटावरच्या घोषणेपुढे आपला आवाज टिकत नाही. आणि रिंग जाण्याआधी स्क्रीनवरचं नाव एकदा बघा. माझा एक फोन रात्री साडेअकराला प्लंबरऐवजी साहेबांना गेला होता.