वर उघडणारी फायबरची दारं: चिकटवण्याआधी काय काय हाताशी हवं

पहिली तयारी कॅलेंडरची. आरव्ही-१० सारख्या, घरी बांधायच्या चार आसनी विमानाच्या किटमध्ये प्रत्येक दार आतलं आणि बाहेरचं अशा दोन पातळ फायबर कवचांचं येतं, आणि ती इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून कडक होणाऱ्या चिकटद्रव्याने) एकमेकांना चिकटवायची असतात. हे काम गोव्यात जूनपासून चवथ होईपर्यंत काढू नये. दमट हवेत मुरणाऱ्या, म्हणजे कडक होणाऱ्या, इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. तो आलाच तर आधी साध्या पाण्याने आणि हिरव्या स्क्रबरने धुवायचा, पुसून कोरडं करायचं आणि मगच ८० नंबरच्या पेपरने घासायचं. आधी घासलं तर मेण खरवडीत आणखी खोल बसतं. चिकटवायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. पावसाळ्यात दार अडकवणाऱ्या पिना, हँडल, वायरिंग अशी कोरडी कामं करत राहावं. शेडमध्ये आर्द्रतामापक टांगा आणि काटा ७० टक्क्यांखाली आल्यावरच डबा उघडा. पहाटे पत्र्यावरून दव टपकत असेल तर दहा वाजेपर्यंत थांबा.

सामानात इपॉक्सी, कापसाचा बारीक चुरा म्हणजे फ्लॉक्स, सिलिका पावडर, विणलेलं काचकापड, पील-प्लाय (मुरल्यावर सोलून काढायचं कापड), मेण नसलेले कागदी पेले, हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क. वेस्ट सिस्टिम या कंपनीचं १०५ रेझिन २०६ हार्डनरबरोबर आकारमानाने ५ला १ लागतं, २०९ बरोबर ३ला १. वजनाचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे तराजू वापरणार असाल तर डब्यावरचा वजनाचा आकडा बघा. गोव्याच्या उकाड्यात २०९च सोयीचं, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो. एका वेळी १००–१५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. पेल्यात ठेवलेलं मिश्रण आपल्याच उष्णतेने धूर सोडतं. फ्लॉक्स घातल्यावर ते चक्क्याइतकं घट्ट हवं, चमचा उलटा केला तरी ओघळू नये. मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) फक्त वरून गुळगुळीत करण्यासाठी. जोडात ते घातले तर जोड ठिसूळ होतो.

होड्यांचं फायबरकाम करणारे कसबी हात इथे सहज मिळतात आणि कापण्या-घासण्यात त्यांची मदत जरूर घ्यावी, पण रसायनाच्या बाबतीत त्यांची सवय आड येते. होडीचं काम पॉलिएस्टर रेझिनचं. त्यात हार्डनरचे दोन थेंब जास्त टाकले की ते लवकर मुरतं. इपॉक्सीत तसं केलं तर जास्तीचा हार्डनर तसाच मऊ राहतो. होडीची सुट्या धाग्यांची मॅटही नको, कारण तिचा बांधणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीने नाही.

आता मुख्य गोष्ट: दार टेबलावर चिकटवू नका. दोन्ही कवचं सुटी असताना वाकतात. एकत्र मुरल्यावर जो आकार असेल तोच कायमचा. म्हणून केबिनचं छप्पर आधी धडावर पक्कं बसलेलं हवं. दाराच्या चौकटीला पॅकिंग टेप लावा (इपॉक्सी त्याला चिकटत नाही), कवचं तिथेच ठेवून कोरडी रंगीत तालीम करा आणि भोवताली दर १०० मिमीवर क्लेको (भोकात बसणारी तात्पुरती पकड) किंवा क्लॅम्प. दाराचा घेर साडेतीन मीटर धरला तर एका दाराला ३५ क्लॅम्प. इतके नसतील तर काम सुरूच करू नका. चिऱ्यांची तांबडी धूळ जोडाच्या पृष्ठभागावर बसलेली असते, ती अॅसिटोनच्या कापडाने पुसून घ्या, कापड दर खेपेला नवं. जोड मुरेपर्यंत, निदान २४ तास, दार चौकटीतच राहू द्या. नंतरही ते भिंतीला टेकवून उन्हात ठेवू नका: साध्या तापमानाला मुरलेलं इपॉक्सी ५०–६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि दार स्वतःच्या वजनाने बाक घेतं. रंग पांढरा हवा तोही याच कारणाने.

पिनांवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा. १५० नॉट वेगाला हवेचा गतिजन्य दाब चौरस मीटरला साधारण ३,६५० न्यूटन असतो. केबिनच्या बाहेरून त्याच्या निम्मी जरी ओढ धरली, तर ०.८ चौरस मीटरच्या दारावर सुमारे १५० किलोचा भार बाहेरच्या दिशेने येतो. तो बिजागऱ्या आणि पुढच्या-मागच्या दोन पिनाच पेलतात. नेहमीची चूक अशी: पुढची पिन भोकात शिरते, मागची खांबाच्या बाहेरून निसटते, आणि हँडल मात्र पूर्ण वळलेलं दिसतं. म्हणून पिनेचं टोक निमुळतं करा, पिन चौकटीतल्या भोकाच्या ठोकळ्यापलीकडे कमीत कमी १२ मिमी आलेली असू द्या, आणि इशाऱ्याच्या दिव्याचा स्विच हँडलवर न लावता पिनेच्या त्या टोकाला लावा. दोन दारांचे चार स्विच, चारही बंद झाल्याशिवाय दिवा विझायला नको. दिवा असला तरी मागच्या पिनेला दर वेळी बोट लावून बघायचं. दाराच्या मध्यावर वेगळा, तिसरा सुरक्षा-खटकाही बसवाच. खाऱ्या हवेत स्टीलची पिन आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा एकमेकांना खातात, म्हणून मध्ये अॅसिटलची (कडक प्लास्टिकची) बुशिंग आणि वर हलकं ग्रीस.

रबर सील घाईने आणू नका. दार आणि चौकट यांच्या मधोमध मुलांची खेळण्याची माती ठिकठिकाणी ठेवा, प्लास्टिकचा कागद घालून दार बंद करा आणि चपटलेली माती मोजा. आकडा जिथे कमी येतो तिथे चौकटीची कड घासा. मगच त्या मापाचं सील. जाड सील मागच्या खालच्या कोपऱ्यात दार बाहेर ढकलतं, आणि पिन चुकायचं निम्मं कारण तेच असतं. गॅस स्ट्रट (दार वर उचलून धरणारी गॅसची नळी) लावल्यावर दार पुन्हा थोडं हलतं, म्हणून शेवटची पिन-तपासणी स्ट्रट लावल्यावर करा, आणि दार बंद असताना स्ट्रटची दांडी खालच्या बाजूला राहील अशी मांडणी ठेवा.

खिडकीच्या अॅक्रिलिकचं थोडक्यात: ६०० मिमीचा तुकडा २० अंशांच्या फरकाने सुमारे ०.८ मिमी वाढतो, तेव्हा भोवती दोन मिमीची फट सोडा, आणि अॅसिटोनचं कापड त्याच्या आसपासही फिरकू देऊ नका, बारीक भेगा पडतात.