मराठी अलंकारांच्या आधाराने इंग्रजी फिगर्स ऑफ स्पीच शिकताना

मराठी माध्यमातून शिकून मी बी.ए.ला इंग्रजी साहित्य हा विषय घेतला, तेव्हा उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, श्लेष म्हणजे पन अशा जोड्यांची एक वही केली होती. सुरुवातीला ती फार उपयोगी पडली. पहिल्या चाचणीत मात्र तिच्यावर विसंबल्यामुळेच माझे गुण गेले.

पहिली अडचण रूपकाची होती. शाळेत आपण उपमेय आणि उपमान एकरूप झालेली दिसली की रूपक म्हणतो, पण इंग्रजी मेटाफर कित्येकदा एखाद्या क्रियापदातच दडलेला असतो. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकामध्ये झोप चिंतेचे विस्कटलेले धागे विणते, विणकर हा शब्द तिथे येत नाही, तो त्या क्रियेवरूनच ओळखावा लागतो. एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना करणाऱ्या उत्प्रेक्षेला तर इंग्रजीत वेगळे घरच नाही, आपला ‘जणू’ तिथे बहुधा सिमिलीतच मोडतो.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी यांना माझ्या वहीत जोडीदार सापडेना, कारण मी ते अलंकारांत शोधत होतो आणि ते शब्दशक्तींच्या धड्यात होते. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे लक्षणेचे, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी संबंधित अर्थ घेण्याचे, उदाहरण आठवले आणि गाठ सुटली. राजसत्तेला ‘क्राउन’ म्हणणे ही साहचर्यातून आलेली मेटॉनिमी, तर खलाशांना ‘हँड्स’ म्हणणे ही अंशावरून पूर्ण सुचवणारी सिनेकडकी.

अ‍ॅलिटरेशनमध्ये, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीला तोच ध्वनी पुन्हा येण्यात, अक्षर पाहू नये, ध्वनी ऐकावा: ‘नाइफ’चे स्पेलिंग ‘के’ने सुरू होत असले तरी त्याचा मेळ रात्र या अर्थाच्या ‘नाइट’शी बसतो, ‘किंग’शी बसत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनी वर्ड्‌स्वर्थची 1807 साली प्रसिद्ध झालेली डॅफोडिल्सची कविता सावकाश वाचावी, असे मला मनापासून वाटते. कवी स्वतःला एकाकी ढगाची उपमा देतो, एका दृष्टिक्षेपात दहा हजार फुले पाहिल्याची अतिशयोक्ती करतो, आणि ती फुले माना डोलावत नाचतात. पण त्या नाचाच्या आधीच, एरवी माणसांसाठी वापरला जाणारा ‘क्राउड’ हा शब्द त्याने फुलांसाठी योजलेला आहे. परीक्षेत केवळ ‘पर्सॉनिफिकेशन’ असे नाव लिहून थांबण्याऐवजी, एकट्या भटकणाऱ्या माणसाला त्या शब्दामुळे सोबत कशी मिळते, हे दोन वाक्यांत लिहू लागल्यावर माझी उत्तरे सुधारली.