ट्यूबलेस सायकलचं सीलंट: उन्हाळ्यात ‘दूध’ आटतं, या चुका टाळा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका पांदणीत मे महिन्यात पुढच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. मला काही वाटलं नाही. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबच नाही, आणि भोक आपोआप बुजवणारं सीलंट घातलेलं, मग काळजी कशाची? काटा उपसला, चाक गरगर फिरवलं आणि फुस्स. बघता बघता टायर बसला. भर उन्हात तीन किलोमीटर सायकल ढकलत गावात आलो. पंक्चरवाल्या भाऊनं टायर उघडला, आतून रबराची वाळकी साल टराटरा ओढून काढली न् म्हणाला, “दूध तं केव्हाच आटलं भाऊ, नुसती साय उरली हाय.” त्यानं सायकलचं सीलंट त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण निदान अगदी बरोबर होतं.

हे पांढरं द्रव म्हणजे मुख्यतः लॅटेक्स, रबराच्या झाडाचा चीक. तो गोठू नये म्हणून बऱ्याच सीलंटमध्ये अमोनिया असतो, शिवाय भोकात अडकून बसणारे बारीक कण किंवा तंतू. काट्यानं भोक पडलं की हवा बाहेर पळताना सीलंटला सोबत ओढते, कण तिथे अडकतात आणि लॅटेक्स गोठून बूच बसतं. पण त्यासाठी आत ओलं सीलंट हवं. त्यातलं पाणी हळूहळू उडत जातं, आणि उष्ण कोरड्या हवेत फारच लवकर.

हवा टिकली म्हणजे सीलंट आहे असं समजणं

माझी चूक हीच. सीलंट पूर्ण वाळलं तरी टायर हवा धरून ठेवतो, कारण आतून रबराचा पातळ थर बसलेला असतो. कळतं ते पुढचा काटा शिरल्यावरच.

सीलंट टायरात साधारण दोन ते सहा महिने टिकतं असं बाटलीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि सायकल टिनाच्या शेडमध्ये उभी असते, तेव्हा त्यातला लहान आकडाच खरा धरायचा. मी तारखा लक्षात ठेवत नाही. होळी झाली की एकदा बघतो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, लागण्याआधी पुन्हा, मग पाऊस स्थिरावल्यावर आणि दिवाळीला. दिवाळीची तपासणी चुकवू नका. तोवर धुऱ्यावरचे सराटे वाळून टणक झालेले असतात.

बघायचं कसं? चाक कानाशी धरून हलवलं तर जाड टायरात खळखळ ऐकू येते. तेवढ्यावर विसंबू नका. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून हवा सोडा, आतली पिन म्हणजे कोअर काढा, मग चाक सावकाश फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा आणि त्यातून बारीक केबल टाय आत घालून बघा. टोक ओलं निघालं तर ठीक. कोरडं किंवा चिकट निघालं तर भरायची वेळ झाली. हवा सोडलेली असताना सायकलवर भार देऊ नका, टायरची कड रिमवरून सुटते. आणि व्हॉल्व्ह खाली असताना हवा सोडायचा मोह आवरा. पांढरी पिचकारी थेट तोंडावर येते.

वरच्यावर भरत राहणं

थोडं ओलं असेल तर वरून भर घालायला हरकत नाही. पण दोन-तीनदा भर घातली की एकदा टायर उघडाच. आत लॅटेक्सचे गोळे झालेले असतात, कधी सुपारीएवढे. ते उगाच ओझं वाढवतात आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी येऊन बसतात. पातळ पापुद्रा राहिला तर राहू द्या, खरवडत बसू नका. गोळे तेवढे काढा, रिमची कड आणि टायरची कड ओल्या फडक्यानं पुसा.

आटलेल्या सीलंटमध्ये पाणी घालून ते ‘जिवंत’ करायचा उद्योगही मी केला आहे. गोठलेलं लॅटेक्स पुन्हा विरघळत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सीलंटही सरळ एकत्र करू नका. थोडं थोडं काचेच्या ग्लासात मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी नासलेल्या दुधासारखं फाटलेलं दिसलं, तर टायरातही तेच होणार.

माप आणि बाटली

रस्त्याच्या २८ मिमी टायरला ३० ते ४० मिली पुरतं. ४० मिमीच्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) टायरला साधारण ६० मिली, आणि २९ इंची, सव्वादोन इंच रुंदीच्या एमटीबी (माउंटन बाइक) टायरला १०० मिलीच्या आसपास. काट्यांच्या मुलखात मी वरचं माप धरतो. भरण्याआधी बाटली चांगली हलवा, नाहीतर भोक बुजवणारे कण तळाशीच राहतात आणि टायरात जातं नुसतं पाणचट दूध.

भरायला खास साहित्य लागत नाही. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, टोकाला व्हॉल्व्हवर घट्ट बसेल अशी रबरी नळी लावा. व्हॉल्व्ह घड्याळातल्या चारच्या जागी ठेवला की सीलंट उलटं बाहेर येत नाही.

पंप लागतो, हवा जात नाही

अशा वेळी पंपाला दोष देण्याआधी कोअर काढून बघा. पाचांत चार वेळा त्यातच लॅटेक्स साचलेलं असतं. नखानं किंवा सुईनं सोलून काढा, नाहीतर नवा कोअर टाका. तो स्वस्त मिळतो, दोन जास्तीचे खिशात ठेवा.

मोटारसायकलचं जेल घालणं

तालुक्याला सायकलचं सीलंट मिळत नाही आणि मोटारसायकलचं जेल टायरच्या दुकानात असतं, म्हणून बरेच जण तेच घालतात. ते लवकर वाळत नाही, हे खरं. पण ते जाड आणि जड असतं, सायकलच्या अरुंद व्हॉल्व्हमधून नीट जात नाही, आणि बनवलेलं असतं मोटारसायकलच्या टायरसाठी. मी ते घालत नाही. ऑनलाइन मागवताना मोठी बाटली घ्यावी, दोघातिघांत वाटून लवकर संपवावी आणि सावलीत ठेवावी.

ताजं सीलंट, तरी हवा उतरते

साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे स्पोकच्या मुळाशी किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी आले तर गळती रिम टेपमध्ये, म्हणजे रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीत आहे. तिथे कितीही सीलंट ओता, टेप बदलल्याशिवाय सुटका नाही. टायरच्या बाजूला पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खुंटानं चीर पडली असेल तर तिथेही दुधाचं काम नाही. भोक सहा मिलिमीटरच्या पुढे गेलं तर भोकात खुपसायचा रबरी प्लग लागतोच.

काटा उपसायची घाई

आत सीलंट ताजं आहे याची खात्री असेल तरच काटा वाटेत ओढा, भोक खालच्या बाजूला ठेवा आणि मिनिटभर थांबा. खात्री नसेल तर काटा तसाच राहू द्या आणि घर गाठा. भोकाचं सगळ्यात चांगलं बूच तोच असतो.

पण प्लगही चालला नाही आणि शेवटी ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायर आतून फडक्यानं चाचपा. बोटानं नको. सीलंटनं गुपचूप बुजवलेले जुने काटे आत टोकं वर करून बसलेले असतात, ते नव्या ट्यूबला शंभर मीटरही जाऊ देत नाहीत. मागच्या वेळी माझ्या मागच्या टायरातून पक्कडीनं अकरा काटे निघाले. नऊ बाभळीचे, दोन बोरीचे. ते केव्हा शिरले, मला पत्ताच नव्हता.